प्रार्थना केलेली चूल

माय भांडायची ती डोळे मिटून. उघड्या डोळ्यांनी तिने जेठासमोर कधी आवाज चढवला नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, ‘हा जिभाऊ’, ‘नही जिभाऊ’, एवढंच. पण संध्याकाळी अंगणात चटया पडल्या, अख्खं घर प्रार्थनेला बसलं आणि तिची पाळी आली, की दिवसभर गिळलेलं सगळं ती देवाच्या नावाने आमच्यापुढे ओतायची. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत, हा नियम जिभाऊंनीच घातलेला. त्यांचा तेवढा एकच नियम मायला मनापासून आवडायचा.

जिभाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे जेठ. तळोद्याहून शहाद्याकडे जाताना आमचं गाव लागतं. गावात ख्रिस्ती घरं थोडी, त्यांत आमचं सगळ्यांत भरलेलं. जिभाऊंची पाच मुलं, आम्ही सात भावंडं, सामाईक शेत आणि सामाईक चूल. जिभाऊ मंडळीचे पंच होते, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे आणि साक्ष द्यायला उभे राहिले की दर वेळी एकच सांगायचे, “आमच्या घरात एवढी माणसं, पण देवाच्या कृपेने चूल एकच आहे.” लोक माना डोलवायचे. बायकांच्या बाजूला बसलेली माय पदराआड पुटपुटायची, “चूल एक शे, आन् चुलीपुढे बठनारी बी एकच शे.”

खरंच एकच होती. जिभाऊंच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणायचो. मोठीमायचे गुडघे ईस्टर झालं की दुखायला लागत आणि पाऊस पडला की आपोआप बरे होत. ऐन उन्हाळ्यात ती चुलीपुढे बसू शकत नसे. कोठीची किल्ली मात्र तिच्या कमरेला असायची आणि पंगतीत वाढायचंही तिनेच. वाढताना गुडघे दुखत नसत.

आमच्याकडे उन्हाळा एसटीने यायचा. मे लागला की सुरतेहून दोन आत्या, नाशिकहून एक, त्यांची पोरं, त्यांच्या पिशव्या आणि त्या पिशव्यांत धुवायचे कपडे. “पाहुणा देव धाडस,” असं म्हणून जिभाऊ कूलरसमोर आडवे व्हायचे. देवाने धाडलेल्यांचं पुढे काय करायचं, ते मायने बघायचं. पहाटे हापशीवर नंबर लावून पाणी, मग भाकरींची चळत, मग बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवून खाटांवर थापायचं, कोंबड्या हाकायच्या, सुट्टीतल्या बायबल शाळेला निघालेल्या सगळ्या पोरांच्या वेण्या आणि भांग करायचे, आणि दुपारी मांडे. आमरस आणि मांडे हवेत म्हणूनच तर पाहुणे यायचे. चुलीवर मडक्यासारखं खापर उपडं घालायचं आणि पुरणाची हातभर रुंद पोळी दोन्ही हातांवर खेळवत त्यावर टाकायची. बाहेर ऊन मी म्हणत असताना हे काम करून पाहावं, म्हणजे पाहुणचारावर प्रवचन देताना जीभ अडखळते. मायच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते.

एकदा सुरतेच्या आत्याने पंगतीतून आवाज दिला, “वहिनी, आज मांडा जाड व्हई गया.” आत्या धाकटी नणंद, जेठ नव्हे, त्यामुळे तिथे मायला प्रार्थनेची वाट बघावी लागली नाही. “जाड व्हई गया ते चावी चावी खाय,” आतून उत्तर आलं, “दात देवनी देयेल शेतस.”

प्रार्थनेत मात्र ती पुस्तकी मराठीत सुरुवात करायची. आमच्याकडे देवाला शुद्ध मराठी आणि माणसांना अहिराणी अशी वाटणी होती. “हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल मी तुझे उपकार मानते. आज तू आम्हांला ऊन दिलंस, पाणी दिलंस. ज्यांनी दुपारभर कूलरसमोर झोप काढली त्यांना तू विसावा दिलास, त्याबद्दल तुझी स्तुती असो. ज्यांचे गुडघे दुखतात, पण कोठीपर्यंत चालवतात, त्या गुडघ्यांना तू स्पर्श कर.” शेवटी ती ‘आमेन’ म्हणून थांबायची आणि सगळ्यांची पंचाईत व्हायची. आमेन म्हणावं तर आरोप कबूल केल्यासारखं, न म्हणावं तर देवाशी वाकडं. आम्ही पोरं मोठ्याने आमेन म्हणायचो. मोठी माणसं ओठ हलवून वेळ मारून न्यायची.

आणि कधी कधी, बोलता बोलता राग अनावर झाला की तिची भाषा मधेच बदलायची. प्रार्थनेत अहिराणी आली की समजावं, आता काही खरं नाही.

मी नववीत होते त्या मे महिन्यात तसंच झालं. पाहुण्यांची पंगत लांबली, मग पाहुण्यांच्या पोरांची, मग जिभाऊंच्या पोरांची. आमची नेहमी शेवटची असायची. माझा धाकटा भाऊ दानिएल, आमचा दान्या, ताटली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला होता. रस संपला. कोठीला कुलूप लागलं. दान्या ताटली धरून तसाच झोपला. माय खापरापुढून उठून आली, तेव्हा तिला तो दिसला. तिने त्याच्या हातातली ताटली सोडवून घेतली, बस्स.

संध्याकाळी तिची पाळी आली. “हे दयाळू पित्या, तू आमच्या घरात कोणाला काही कमी पडू दिलं नाहीस. पाहुण्यांना रस मिळाला, त्यांच्या लेकरांना मिळाला, पातेलं चाटायला मांजरालाही मिळाला.” ती थांबली. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. तिने तोंड दान्याच्या दिशेला वळवलं होतं, डोळे मिटलेलेच. “मन्हा दान्या मातर उपाशी जपी गया. तू देखी ऱ्हायना ना, देवा? माले येगळी चूल दे. दुसरं काई मांगस नही. मन्हा पोऱ्यास्ले मी मन्हा हातवरी वाढसू. आमेन.”

कोणीही आमेन म्हटलं नाही. आम्ही पोरंसुद्धा नाही. वेगळी चूल म्हणजे काय, ते आम्हांलाही कळत होतं. माझे वडील तेवढे खोकले. तो खोकला होता की आमेन, हे मला आजतागायत समजलेलं नाही. थोरल्या भावापुढे खोकण्यापलीकडे त्यांची मजल कधी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागणी, तिसऱ्या दिवशीही तीच. आत्या एकमेकींना कोपरं मारू लागल्या. जिभाऊंना घाम फुटला. घर फुटेल याची भीती होतीच, पण चर्चमध्ये साक्ष काय द्यायची ही भीती जास्त होती. शेवटी त्यांनी जाहीर केलं, “आजपासून बायका मनातल्या मनात प्रार्थना करतील. देव मनातलंही ऐकतो.”

मायने मान डोलावली. भांडी घासताना मला म्हणाली, “देवले ते आयकू येसच. आयकू येवाले जोयजे जिभाऊले.”

मग तिने तोंड बंद केलं आणि हात चालू केले. घरामागे चिंचेखाली, काळ्या मातीत भुसा कालवून तिने चूल घातली. सकाळी उठून बघते तर चूल लाथेने मोडलेली. कोणाच्या लाथेने, ते कोणी पाहिलं नव्हतं. पण जिभाऊंच्या पांढऱ्या पायजम्याला खाली काळी माती लागली होती आणि ती मायनेच घासून घासून धुतली, कारण त्यांचे कपडेही तिच्याकडेच असायचे. तिने दुसरी चूल घातली. तीही मोडली. “आपलं घर फोडनारी बाई आपलाच घरमा शे,” असं जिभाऊ जेवताना वडिलांना ऐकवायचे. वडील भाकरीकडे बघत बसायचे.

तिसरी चूल तिने शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर घातली आणि रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेबांना गाठलं. “साहेब, सांजले घर प्रार्थना ठेवेल शे. नवी वस्तू शे.”

आमच्या मंडळीत नव्या वस्तूवर प्रार्थना करून घ्यायची पद्धत आहे. घर असो, बोअर असो, ट्रॅक्टर असो, पाळक येतात, वस्तूवर हात ठेवतात, प्रार्थना करतात आणि चहा पिऊन जातात. एकदा प्रार्थना झाली की ती वस्तू देवाची. तिला पाय लावायची कोणाची छाती होत नाही. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच नवापूरकडून आलेले. पाळक घरी येणार म्हणजे आपल्याचसाठी, असं धरून जिभाऊंनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि खुर्च्या मांडून घेतल्या.

“मग, नवी वस्तू कुठे आहे?” पाळकांनी विचारलं.

जिभाऊ इकडेतिकडे पाहू लागले. माय पदर सारखा करून पुढे झाली. “मांगे शे साहेब.”

सगळं घर तिच्या मागोमाग चिंचेखाली गेलं. चूल अजून ओली होती. पाळकांनी चुलीकडे पाहिलं, मायच्या हातांकडे पाहिलं, मग जिभाऊंकडे. वयाने लहान असले तरी ते दुधखुळे नव्हते. “पंच, तुमची संमती असेलच,” ते म्हणाले.

आत्या, शेजारी, पोरंसोरं सगळी बघत होती. जिभाऊंच्या तोंडून कसंबसं निघालं, “हो... म्हणजे... आहे ना.”

पाळकांनी ओल्या मातीवर हात ठेवला. या चुलीवर शिजेल त्या अन्नाला आशीर्वाद दे, इथे जेवणाऱ्या लेकरांना उपाशी ठेवू नको, अशी साधी प्रार्थना केली. शेवटी आमेन म्हणायची वेळ आली. पाळकासमोर पंचाने आमेन म्हटलं नाही तर मंडळीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. जिभाऊंना ते म्हणावंच लागलं, तेही मोठ्याने. माय पदराआड हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच संध्याकाळी शेजारून उसनं पीठ आणून तिने भाकरी आणि पिठलं केलं, आम्हां सातही जणांना ओळीने बसवलं आणि पहिली भाकर दान्याला वाढली. मग स्वतः आमच्यात बसून गरम गरम जेवली. माय गरम जेवू शकते हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी सुखी झाले होते की मला रडू आलं.

जिभाऊंनी हे कधी माफ केलं नाही. पुढच्या वर्षी अंगणात भिंत उभी राहिली. आत्या मे महिन्यात येत राहिल्या, पण भिंतीपलीकडे. मायच्या हातचं पाणीही प्यायल्या नाहीत. मोठीमायचे गुडघे ऐन उन्हाळ्यात ठणठणीत झाले. माय होती तोवर जिभाऊंनी चिंचेच्या बाजूला पुन्हा पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी प्रार्थना चालायच्या. जिभाऊ पलीकडून घर फोडणाऱ्यांसाठी क्षमा मागायचे आणि माय इकडून आवाज चढवून म्हणायची, “प्रभू, ज्यांनी ही भिंत बांधली त्यांच्या गवंड्याला अक्कल दे. भिंत वाकडी आहे, ती माझ्या लेकरांवर पडू देऊ नको.”

मी सुरतेला नर्स झाले, भावंडं कामाला लागली, घरात गॅस आला. भाकर मात्र ती चुलीवरच करायची. एका सुट्टीत मी तिला म्हटलं, “माय, आते राग सोड ना.” ती म्हणाली, “सोडी देसू. पहिले त्यास्ले सोडू दे.” मला तिचं पटलं. क्षमा करावी असं सांगणारे बहुतेक लोक आयुष्यभर पहिल्या पंगतीला बसलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

गेल्या मे महिन्यात माय गेली. बिबड्या उलटवायला उन्हात गेली आणि खाटेशेजारी बसली, ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला माती देऊन आम्ही परतलो. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, भाऊबंद जेवण आणतात. रीतीप्रमाणे जिभाऊंच्या सुना फडक्याने झाकलेल्या टोपल्या घेऊन आल्या. मी त्यांना दारातच थांबवलं. “परत लई जा,” म्हटलं, “आमना घर चूल शे.” आणि मागे जाऊन चूल पेटवली.

बायका हबकल्या. “काय करस व पोरी? आज चूल पेटाडतस नही!” मी पीठ मळायला घेतलं. तिच्या पोरांनी त्या दिवशी त्या टोपलीतलं खावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीला वळसा घालून, नातवाचा हात धरून जिभाऊ आले. खूप थकले होते. चुलीसमोरच्या दगडावर बसले, काठी मांडीवर आडवी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. मग म्हणाले, “रूथ, पहिली भाकर माले दे. तिन्हा चुलीनी मी कधी खादी नही.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. एका भावाने मानेने खुणावलं, दे. म्हाताऱ्या माणसाची दया यायला हवी होती, हे मला समजत होतं. ती आली नाही. तव्यावरची भाकर फुगली. मी ती काढली आणि दान्याच्या ताटात टाकली. दान्याच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. तो भाकर हातात धरून हुंदके देऊ लागला.

“थांबा जिभाऊ,” मी म्हटलं. “ह्या चुलीवर पहिले मायना पोऱ्या खातस.”

जिभाऊंनी मान खाली घातली. सगळ्या भावंडांची जेवणं होईपर्यंत ते त्या दगडावर, धुरात, थांबून राहिले.