आधी जाग, मग आवाज

लिफ्टवाले काका निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी ह्या माणसाच्या कानांना आराम मिळेल. कसला आराम! कुणाकडे चहाला गेले तरी दोन घोट घेऊन कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या फ्रीजचा मागचा पाय अधांतरी आहे." वाकून बघावं तर खरंच अधांतरी. उभा जन्म उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. लिफ्टच्या खोलीत आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायची, आणि त्यानंतरच हत्यारांची पेटी उघडायची, ही त्यांची पद्धत. एका वेळी एकच दोष धरायचा, तो संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ह्यापायी त्यांच्या हाताखालची माणसं मेटाकुटीला यायची, पण काकांनी नीट केलेली लिफ्ट पुन्हा बोंब मारत नसे, हेही तितकंच खरं.

निवृत्तीनंतर काकांनी एक जुनी मोटरहोम घेतली. मोटरहोम म्हणजे नाव मोठं. मूळची ती सामान पोचवणारी व्हॅन. कुठल्याशा सुताराने आत एक पलंग, दोन शेगड्या, हातभर बेसिन आणि डोक्याला हमखास लागतील अशा उंचीवर कपाटं बसवून दिलेली. काकूंनी ती पाहिली आणि विचारलं, "ह्यात माणसांनी राहायचं की भांड्यांनी?" पण आल्या. पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाण्यात काकूंची सगळी वर्षं गेली होती. त्या निजायच्या तेव्हा काका कामावर असायचे आणि काका निजायचे तेव्हा त्या पिठात. म्हणून दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या, आणि पाळ्या संपल्या तरी तशाच राहिल्या. एका पलंगावर झोपायची वेळ आली ती थेट ह्या गाडीत.

पहिल्या सहलीहून काकू परतल्या त्या डोळे सुजवून. दुसऱ्या सहलीहून आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलल्या, "डोळ्याला डोळा लागत नाही माझा. जरा लागला की कुठेतरी कर्र होतं आणि मी टक्क जागी. आणखी एकदा येईन. तेव्हाही झोप नाही लागली तर गाडी खालच्या डॉक्टरांना देऊन टाकायची."

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गाडीवर डोळा ठेवून होतेच. जिन्यात भेटले की "काय मग, ठरलं का?" असं इतक्या गोड आवाजात विचारायचे की काकांची दाढ ठणकायची. काकांचा जीव त्या गाडीत अडकला होता. पण खरं सांगायचं तर काकूंची अट ऐकून त्यांना दुःख होण्याआधी उत्सुकताच वाटली. उभी असलेली गाडी, आत दोन माणसं, आणि तरी कर्र! कोण करतंय?

काका हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागले. कपाटांच्या दारांना आतून बनातीच्या जाड लोकरी पट्ट्या चिकटवल्या. ताटल्यांमध्ये जुने रुमाल घातले. दाराच्या रबराला सिलिकॉन लावलं. काकूंनी मागे एका बिजागरीला स्वयंपाकाचं तेल सोडलं होतं, त्यावर धुळीचा लगदा साठला होता. तो काढताना काका अवाक्षर बोलले नाहीत, आणि न बोललेलं काकूंना बरोबर ऐकू गेलं. छपरावरच्या खिडकीची झडप वाऱ्याने टकटकायची, तिला नवीन रबर बसवलं. पाण्याचा पंप कुणी नळ न सोडता मधूनच गुरगुरायचा. त्याने काकांना दोन दिवस नाचवलं. पंप उघडला, झाकला, पुन्हा उघडला. शेवटी कळलं की बेसिनखालच्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपतंय, दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतोय. एका वॉशरचं काम.

राहिला पलंग. काकांनी काकूंना त्यावर झोपवलं आणि स्वतः खाली पालथे पडून कान लावला.

"कूस बदल."

"बदलली."

"आता दुसरीकडे."

"अहो, मी काय पोळी आहे का उलटीपालटी करायला?"

पलंगातून हूं की चूं नाही. मग काकांनी लिफ्टमधली जुनी युक्ती काढली. गादीखालच्या प्रत्येक फळीच्या टोकाला टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी दोन रात्री इमारतीच्या आवारातच उभी करून दोघं तिच्यात झोपले. जिथे घासतंय तिथली पावडर उडणार, हा साधा हिशेब. सकाळी पाहिलं तर काकूंच्या बाजूच्या फळ्या जशाच्या तशा पांढऱ्या, आणि काकांच्या बाजूची छातीखालची फळी पार पुसून निघालेली. काका त्या फळीकडे बराच वेळ बघत राहिले. ती नुसती कूस बदलून पुसल्यासारखी नव्हती, कुणी धक्के दिल्यासारखी होती. पण चोर सापडल्याच्या आनंदात माणूस त्याची जात विचारत बसत नाही. काकांनी फळीच्या टोकांना मेणबत्ती घासली, खाली बनात घातली, आणि शीळ घालत हात धुतले.

तिसरी सहल निघाली. गाडी रस्त्याने जाताना आतून इतका कमी आवाज येत होता की काकूंनाही कौतुक वाटलं. एका तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात गाडी लावली. रात्र सरली, आणि सकाळी काकू डोळे चोळत चहा ओतायला बसल्या.

"लागली झोप?" काकांनी विचारलं.

"नाही."

"कर्र झालं?"

"तेही नाही. नुसतीच जाग यायची. काही वाजत नव्हतं, तरी यायची."

काकांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं ते 'आवाज कुठून येतो' एवढंच विचारत आले होते. पहिल्यांदाच वेगळा प्रश्न सुचला.

"अगं, आधीच्या वेळी आवाजाने जाग यायची, की जाग आल्यावर आवाज यायचा?"

काकूंनी बराच विचार केला. "आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते. आधी जाग, मग आवाज. मी डोळे उघडून पडलेली असायचे, आणि मग कर्र."

म्हणजे आवाज निर्दोष होता. काकूंना उठवणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते काही वाजतही नव्हतं. काकांना हे कोडं इतकं आवडलं की गाडी जाणार ह्याचाही त्यांना विसर पडला. दुपारी जेवण झाल्यावर ते त्याचाच विचार करत आडवे झाले आणि लागलीच घोरायला लागले. काकू शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. घोरण्याचा त्यांना त्रास नव्हता, ते त्यांनी गृहीतच धरलं होतं.

काकांना जाग आली ती काकूंनी छातीवर हात आपटल्याने. तांदूळ गादीवर सांडले होते आणि काकूंच्या ओठांचा रंग उडाला होता.

"तुम्ही थांबता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"श्वास. घोरता घोरता एकदम बंद. मी बघतेय, पोट हलतंय, पण हवा नाही. मग अंगाला हिसका बसतो आणि पुन्हा सुरू. असं कितीदा झालं."

"हिसका कुठे बसतो? छातीत?"

"हो."

"म्हणजे ती फळी माझ्या हिसक्याने करकरायची. मी थांबलो की शांतता होते, शांततेने तुला जाग येते, मग मी हिसका देतो, आणि..."

"अहो," काकू म्हणाल्या, "आधी माणसासारखे घाबरा. मग फळीचं बघू."

काका घाबरले, पण जरा उशिरा. सांडलेले तांदूळ गोळा करता करता. लिफ्टमधल्या माणसाला ठाऊक असतं, मशीन कुरकुरतं तोवर बरं; ते चालता चालता गप्प झालं की जीव गोळा होतो. आणि इथे शेजारी झोपलेली बाई प्रत्येक वेळी त्यासाठी जागी होत होती, तिला स्वतःलाही न कळता. त्यांना तिची दया आली, लाज वाटली आणि फार बरंही वाटलं, सगळं एकदम.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "अख्खी गाडी मेणाने माखलीत."

गाडी त्याच संध्याकाळी परत फिरली. इस्पितळात काकांच्या अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली आणि निदान झालं. घसा झोपेत मिटतो, श्वास अडतो. रोज झोपताना नाकावर मुखवटा लावायचा आणि एका छोट्या यंत्राने हवा आत ढकलायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र समजावून सांगितलं, तेव्हा काकांनी त्याच्या फिल्टरबद्दल इतके प्रश्न विचारले की बाहेरचे रुग्ण कुजबुजायला लागले. घरी आल्यावर त्यांनी गाडीत आणखी एक बॅटरी बसवली, यंत्रासाठी फळी ठोकली, फळीवर बनात घातली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"गाडीचं काय ठरलं?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"अट तीच आहे. हे नवीन यंत्र घेऊन एकदा येते. झोप लागली तर लागली."

पुन्हा तेच तळं, तीच दुपार. काकांनी मुखवटा चढवला. यंत्राने बारीक फुस्स केलं आणि सुरू झालं. "मी लक्ष ठेवते," असं म्हणून काकू उशाशी टेकून बसल्या. काकांनी डोळे मिटले, पण झोप येईना. हवा नाकात शिरताना विचित्र वाटत होतं, आणि गाडी राहणार की जाणार, हा सगळ्यात मोठा प्रश्न जिभेवर होता. तोंड उघडलं की हवा तिथूनच निसटायची, म्हणून तो विचारताही येईना.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. काकू कलंडल्या होत्या. चष्मा नाकावरून घसरलेला, तोंड किंचित उघडं, एक हात काकांच्या छातीवर तसाच. काकूंचा फोन थरथरला; पडद्यावर खालच्या डॉक्टरांचं नाव होतं. काकांनी तो हळूच उचलून उशांच्या ढिगाखाली सरकवला.

मग त्यांनी कान दिला. पंप गप्प होता, झडप गप्प होती, फळी गप्प होती. तरी एक आवाज येत होता, बारीक, लयीत, मध्येच शिट्टीसारखा. काकू घोरत होत्या. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, सांगणारं कुणी शेजारी झोपलंच नव्हतं. उठल्यावर सांगावं की नाही, ह्याचा विचार करत काका त्या हाताखाली न हलता पडून राहिले.