अकरा पानांची भाडेकरू

बाळांनो, अलिबागचा भाड्याचा फ्लॅट सोडून मी चौलच्या वाडीत एका खोलीत का राहते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी म्हटलं, इथली हवा चांगली आहे. ते खोटं होतं. हवा अलिबागलाही चांगलीच आहे.

खरं असं, की मला बायपोलर नावाचा मनाचा आजार आहे. काही आठवडे मन सुसाट सुटतं आणि जगातली सगळी कपाटं मलाच आवरायची आहेत असं वाटतं. मग काही आठवडे स्वतःची वेणीही घालवत नाही. इथे येण्याआधी दोनदा दवाखान्यात राहावं लागलं आणि दोन्ही वेळा परत येईपर्यंत भाड्याचं घर गेलं. पहिल्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून त्यांना जागा हवी होती. दुसऱ्यांच्याही मुलाचं ठरलं. माझ्या आजारपणाने जितकी लग्नं जमवली, तितकी एखाद्या वधूवर मंडळाने जमवली नसतील.

तुमच्या आईने, माझ्या लेकीने, तिकडून स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत कुणाचं तरी लक्ष राहील अशी जागा मिळाली तर ठीक. नाहीतर पनवेलजवळच्या वृद्धाश्रमात नाव घालते." तिथे एका खोलीत तिघी आणि आठ वाजता दिवे बंद. मला माझं स्वतःचं एक दार हवं होतं.

दवाखान्यातल्या समाजसेविका म्हणाल्या, "बाई, मालकांना आधीच खरं सांगू या. बिघडायला लागलं की काय दिसतं आणि कुणाला फोन करायचा, एवढं एका कागदावर लिहा."

एका कागदावर! चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी निबंध तपासले आहेत मी. अकरा पानं झाली. इंग्रजीत, टाईप केलेली, अनुक्रमणिका आणि दोन परिशिष्टांसह. गोळ्यांची नावं अर्थातच वर्णानुक्रमे.

नव्या जागांपैकी पहिल्या जागेच्या मालकांनी फाईल हातात तोलून पाहिली आणि विचारलं, "आजी, शनिवार-रविवार मला खोल्या पर्यटकांना लागतात. सोमवार ते शुक्रवार राहाल का?" दुसरे अनुक्रमणिकेपर्यंत पोचले आणि त्यांच्याही मुलाचं लग्न ठरलं. मुलगा तेव्हा अंगणात सातवीच्या गणवेशात सायकल फिरवत होता.

मग समाजसेविका मला चौलला एका वाडीवाल्या वहिनींकडे घेऊन गेल्या. वहिनी पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. मी फाईल पुढे केली.

"ह्ये काय हाय?"

"माझी माहिती."

"मला इंग्रजी येत न्हाय, बाई. तोंडानं सांगा."

मी फाईल परत घेतली आणि पहिलं पान उघडलं. इंग्रजीत लिहिलं की तो आजार दुसऱ्याच कुणा बाईचा वाटायचा. मराठीत मी तो परक्या माणसापुढे कधी उच्चारलाच नव्हता.

"मला झोप येईनाशी होते," मी म्हटलं. "मग मी फार बोलते."

"आत्तापरीस?"

समाजसेविका वर कौलांकडे बघू लागल्या.

"आणि कधी कधी उठवतच नाही. अंघोळ नको, जेवण नको. जगावंसंच वाटत नाही."

वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाल्या, "रोज सकाळी चहाला माझ्या मागल्या दारी यायचं. न्हाय आलात तर मी येऊन दार वाजवीन. न्हाय उघडलंत तर दुसरी चावी माझ्याकडं ऱ्हाईल."

"पण खोलीत येण्याआधी एक दिवस कळवावं, असं मी पान नऊवर..."

"मग ते पान फाडा."

मी फाडलं. सरळ फाटावं म्हणून आधी घडी घातली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मागल्या दारी कप हातात धरून बसले आणि चहा काही पिववेना. "वहिनी, बिघडतंय," मी म्हटलं. त्यांनी वाडीला पाणी सोडलं होतं. पंपाची मोटार बंद केली, समाजसेविकांना फोन लावला आणि रिक्षात माझ्याशेजारी बसून अलिबागला आल्या. मी वीस दिवस दवाखान्यात होते. गोळ्या लागू पडत होत्या, पण रोज वाटायचं, गेली ही खोलीसुद्धा.

परत आले, दार उघडलं, तर जमीनभर सुपारी पसरलेली.

"ढग आलं व्हतं, म्हनून वाळत घातलेली आत वढली," वहिनी मागून म्हणाल्या. "खोली तुमचीच हाय. लई लोक इचारून गेले सुट्टीत, न्हाय दिली. सुपारी लगेच काढते."

"राहू द्या," मी म्हटलं.

दारापासून खाटेपर्यंत त्यांनी पाऊल मावेल एवढी वाट मोकळी ठेवली होती. त्या वाटेने मी खाटेपर्यंत गेले आणि आडवी झाले. माझ्या पायाने तीन-चार सुपाऱ्या खाटेखाली गेल्या होत्या. त्या काढायला मी उठले नाही.