अहवालाखालची सही

पडद्यावर पाचवी स्लाइड आली. वर लिहिलं होतं, 'संपर्क मोहीम : साधनं'. खाली यादी. रिक्षा, स्पीकर, बॅनर, पत्रकं, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. आणि सगळ्यात शेवटी, 'वस्तीतली मुलगी'.

ती मुलगी म्हणजे मी. चौतीस वर्षांची. माझी स्वतःची मुलगी नववीत आहे.

त्याआधीच्या स्लाइडवर टीम होती. मार्केटिंगचे सर, प्रवेश विभागाच्या मॅडम, बॅनर डिझाइन करणारा, छपाईवाला सुद्धा. प्रत्येकाचं नाव, पुढे हुद्दा. त्यात मी नव्हते. मला वाटलं, घाईत राहून गेलं असेल. राहून गेलं नव्हतं. नीट विचार करून मला स्पीकरच्या आणि खुर्च्यांच्या पंगतीला बसवलं होतं, आणि तिथंही माझं नाव नव्हतं.

"तुझं आडनाव काय?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते मॅडमकडे बघून हसले. "झालं मग. वस्ती कव्हर झाली."

आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मी लहानपणापासून बघत आलेय. कुणी एकदम जास्त गोड बोलायला लागतं, कुणी पाण्याचा ग्लास जरा लांब ठेवतं. पण माझ्या आडनावावर असं टिकमार्क करून पुढच्या स्लाइडवर गेलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी वहीत खाली बघून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. काय लिहिलं ते मलाही आठवत नाही.

आमचं कॉलेज म्हणजे कम्युनिटी कॉलेज. भोसरीच्या कडेला, तीन मजली. शाळा मध्येच सुटलेली, कंपनीत कंत्राटावर राबणारी माणसं इथं सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स करतात. मी तिथलीच. त्याआधी आठ वर्षं चाकणला पॅकिंगला होते. रबराचे वायसर पिशवीत भरायचे, पिशवी सील करायची, पुढची घ्यायची. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बायकांच्या संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. तिथं मी मशीनच्या भागांचं ड्रॉइंग वाचायला शिकले. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हातात धरला. कोर्स झाल्यावर पहिल्यांदा सुपरवायझरला म्हटलं, "हा लॉट बाद आहे," तेव्हा तो दोनदा मोजून गप्प बसला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. त्या बॅचनं मला माणसात आणलं हे मी आजही नाकारत नाही. म्हणून कॉलेजनं फील्ड असिस्टंट म्हणून बोलावलं तेव्हा मी कंपनी सोडून पळत आले.

आणि आता तीच बॅच बंद पडायला आली होती. व्यवस्थापनानं सांगितलं होतं, मोहीम राबवा, वस्तीतून पुरेसे अर्ज आले तर बॅच राहील. नाही आले तर ती खोली दुसऱ्या कोर्सला जाईल. त्यासाठीच तर पुण्याहून हे सर आणले होते.

सरांनी मेळाव्याचा दिवस जाहीर केला. रविवार, दुपारी तीन ते पाच, वस्तीजवळच्या समाजमंदिरात.

मी हात वर केला. मीटिंगमध्ये हात वर करणारी मी एकटीच.

"सर, रविवारी बाया कामावर असतात. इथल्या बारक्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. पूर्वी एमआयडीसीची लाइट गुरुवारी बंद असायची, तेव्हापासून तसंच चालत आलंय. मेळावा गुरुवारी ठेवा."

भोसरीत हे शेंबडं पोरगंही सांगेल. गुरुवारी आमच्याकडं बाजार भरतो, साखरपुडे होतात, नळावर गोधड्या धुतल्या जातात. रविवारी वस्ती रिकामी असते.

सर म्हणाले, "अगं, संडेला अख्ख्या जगाला सुट्टी असते. आणि गुरुवारी पाहुणे कसे येतील?" सगळे हसले. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, स्ट्रॅटेजी आम्ही बघू. तुला माणसं आणायला ठेवलंय. तू माणसं आण."

मी गप्प बसले. का बसले? काँट्रॅक्टचं वर्ष संपत आलं होतं म्हणून बसले. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल. खोलीतल्या सगळ्यांत फक्त मलाच वस्ती ठाऊक होती आणि मीच तोंडाला कुलूप लावून बसले.

पुढचे दहा दिवस मी घरोघर फिरले. जी चूक मला दिसत होती, ती मी माझ्या पायांनी भरून काढायला निघाले होते. बाया दारात यायच्या, पत्रक हातात घ्यायच्या, रविवार ऐकला की परत द्यायच्या. "रविवारी कसं जमंल गं? खाडा पडतोय." कुणाचं काय चुकत होतं?

मंगलताईनं मात्र पत्रक ठेवून घेतलं. मंगलताई बीडकडची. नवरा वारल्यावर दोन लेकरं घेऊन इकडं आलेली. आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि वर्कशॉपमध्ये बर काढायचं काम करते, म्हणजे कापलेल्या लोखंडाच्या धारदार कडा कानशीनं घासायच्या. तिनं विचारलं, "दहावी नापासाला घेतेत का?"

"घेतात."

"मला मोजायचं शिकायचंय. आमचा सायेब मोजतो आन् आमी घासतो. शिफ्ट सुटली की सरळ येते मी. कागदं तयार ठेवते."

त्या रविवारी समाजमंदिरात नव्या कोऱ्या खुर्च्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या रांगेत पाहुणे. मागं कॉलेजचा स्टाफ, स्टाफच्या घरची माणसं, निगडी प्राधिकरणातून गाडीनं आलेली दहा-बारा मुलं. वस्तीतल्या तीन म्हाताऱ्या आल्या होत्या, त्या पंख्याखाली बसायला. स्टेजवर कष्टकरी भगिनींसाठी भाषणं झाली. कष्टकरी भगिनी तेव्हा मशीनवर होत्या.

मी दाराशी उभी. सर दर पाच मिनिटांनी मान वळवून माझ्याकडे बघायचे. मी रस्त्याकडे बघायचे.

पाचला दहा कमी असताना मला पत्रकं द्यायला पुढं बोलावलं, तेवढ्यात दारात मंगलताई आली. कंपनीचा निळा ॲप्रन अंगावर, पायात सेफ्टी शूज, कोपरापर्यंत हात काळे. एका हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला, दोन फोटो. मी तिला हात केला. मी मधल्या रांगेतून तिच्यापर्यंत पोचायच्या आत प्रवेश विभागाच्या मॅडम पोचल्या.

त्यांनी ॲप्रन बघितला. बुटांकडे बघितलं.

"बरं झालं आलात. त्या बाटल्या उचला पटापट. पाहुणे निघालेत, फोटो काढायचाय."

मंगलताईनं इकडं तिकडं बघितलं. तिला वाटलं असेल, इथं शिकायला येणाऱ्याला आधी हे करावं लागतं. तिनं पिशवी काखेत धरली आणि वाकली. एक बाटली उचलली. मग दुसरी.

मॅडम वाईट होत्या का? माहीत नाही. ॲप्रन घातलेली बाई दाखल्याची झेरॉक्स घेऊन येऊ शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अर्ज घेणाऱ्या बाईच्याच डोक्यात आलं नाही.

आणि मी काय केलं? मी तिच्या शेजारी वाकले आणि मीही बाटल्या उचलायला लागले. मला वाटलं, मी तिला साथ देतेय. कसली साथ! मला बोलायची भीती वाटत होती म्हणून मी हात चालवले. मंगलताई हळूच म्हणाली, "फारम कुठं भरायचाय?" तोवर फॉर्मचं टेबल आवरलं होतं. मॅडमनी लांबूनच सांगितलं, "आता बंद झालं, ऑफिसला या."

ऑफिस रोज पाचला बंद होतं, शिफ्ट सुटून तिथं पोचणं तिला जमणार नव्हतं. तिच्या सुट्टीच्या गुरुवारी ते उघडं असतं, पण तेही तिला कुणी सांगितलं नाही. ती पिशवी घेऊन निघून गेली. जाताना माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला बोलावलं. सर होते, मॅडम होत्या. टेबलावर एकपानी अहवाल होता. मी वाचला. 'वस्तीपातळीवर व्यापक प्रचार करूनही समुदायाकडून प्रतिसाद मिळाला नाही. शिक्षणाबाबत उदासीनता दिसून आली. सबब संध्याकाळची बॅच सुरू ठेवणे व्यवहार्य नाही.' खाली सह्या. सरांची, मॅडमची. तिसरी जागा रिकामी. तिथं माझं पूर्ण नाव टाइप केलं होतं. आडनावासकट.

सर म्हणाले, "तुझी सही महत्त्वाची आहे. समाजातल्याच व्यक्तीनं सांगितलं की वजन येतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला माणसं आणायला ठेवलंच नव्हतं. माणसं आली नाहीत तर ती नालायक आहेत, हे आमच्याच तोंडून वदवून घ्यायला ठेवलं होतं.

प्राचार्य तसे सज्जन. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "करून टाका सही. पुढच्या आठवड्यात तुमच्या रिन्युअलची फाइल पाठवायची आहे."

मी पेन घेतलं. टाइप केलेल्या माझ्या नावाच्या वर थोडी जागा होती. तिथं मी लिहिलं:

'मेळावा रविवारी ठेवला. रविवारी बाया कामावर असतात, हे मी आधी सांगितलं होतं. तरी एक बाई शिफ्ट सुटल्यावर कागदपत्रं घेऊन आली. तिला बाटल्या उचलायला लावल्या. तिचा अर्ज घेतला नाही. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि गप्प राहिले.'

त्याखाली सही केली.

मॅडम वाचता वाचता लाल झाल्या. "मला काय माहीत ती ॲडमिशनला आलीय! तिनं सांगायचं ना."

"तुम्ही विचारायचं होतं," मी म्हणाले.

सरांनी कागद ओढून घेतला. "हा कागद आता वर जाणार नाही. दुसरी प्रिंट काढतो."

"काढा. त्याच्यावरही मी हेच लिहीन."

मी खुर्चीवर बसून राहिले. आपणहून उठले नाही. शेवटी तेच उठले.

दुसरी प्रिंट निघाली, पण तिच्यावर माझ्या नावाची जागाच नव्हती. माझं काँट्रॅक्ट पुढे गेलं नाही. मी परत चाकणला लागले, इन्स्पेक्शनला, कंत्राटावरच. बॅचचा निर्णय 'विचाराधीन' आहे असं सांगतात. विचार कोण करतंय ते सांगत नाहीत.

एका गुरुवारी मी मंगलताईच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. गप्प राहिले तेही सांगितलं. तिनं पायाच्या बोटांकडे बघत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं तुला दिसलंच न्हाई. दिसलं व्हतं व्हय."

मी माफी मागितली, ती तिनं घेतलीही नाही आणि परतही केली नाही. उठून पिशवी काढली आणि म्हणाली, "चल. शेजारणीबी येतो म्हणत्यात."

आम्ही नऊजणी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. अर्ज टेबलावर ठेवले आणि पोच मागितली. कारकून म्हणाला, "बॅचच नाही, पोच कशाची देऊ? ठेवून जा." आम्ही ठेवून गेलो नाही. अर्ज ठेवून आलो की ते कुठल्या कपाटात जातात आणि वर काय कळवलं जातं, ते मी वाचून आले आहे. दोनदा आम्हाला बाहेर काढलं. तिसऱ्यांदा आम्ही चौदाजणी होतो.

बॅच सुरू होईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित नाही होणार. पण आमच्या बायांना शिकायचं नाही, असं आता कुणाला सहज लिहिता येणार नाही. लिहायचं असेल तर आधी आमच्या एकेका अर्जावर तारीख घालून शिक्का मारावा लागेल. तो मारेपर्यंत आम्ही त्या ऑफिसच्या दारातून हलत नाही.