वाट सांगणारा नाना

कुणाला पत्ता विचारण्यापेक्षा नाना उपाशी राहिला असता. माझा हा धाकटा काका हवाईदलात होता, बॉम्बर विमानातला नेव्हिगेटर. म्हणजे वैमानिकाला वाट सांगणारा. अशा माणसाने सुरतेतल्या पानवाल्यापुढे उभं राहून "भाई, आ गली क्यां जाय छे?" असं विचारायचं? शक्यच नाही. रजेवर आला की मला सायकलवर बसवून तो गल्लीबोळांतून भरपूर फिरवायचा आणि मध्येच थांबून दरडावायचा, "कुठे जायचं ते नंतर. आधी आपण कुठे आहोत ते सांग." मी रडकुंडीला यायची.

आजोबा धुळ्याकडून पोट भरायला सुरतेला आलेले आणि मिलमध्ये लागलेले. आमच्या बमरोलीच्या वस्तीने विमान पाहिलं होतं ते डोक्यावरून जाताना. तेव्हा नाना विमान चालवत नाही, हे कळल्यावर लोकांचा जरा विरसच झाला. "मंग तू करस काय?" शेजारच्या भिकाआबांनी विचारलं. नानाने समजावलं. आबा म्हणाले, "म्हंजे कंडक्टर!" नाना मुळीच चिडला नाही. त्याने हवेतल्या हवेत घंटीची दोरी ओढली आणि ओरडला, "चलो, आगे बढो!" त्या दिवसापासून वस्तीत तो कंडक्टरच झाला.

आत्याच्या लग्नाला आमचं वऱ्हाड ट्रकने गावी निघालं, तेव्हा नाना नकाशा घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला. त्याने जवळची वाट काढली आणि आम्हाला थेट नदीच्या काठावर नेऊन उभं केलं. पूल नकाशावर होता, नदीवर नव्हता. म्हातारी माणसं खवळली. नाना खाली उतरला, सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाला, "चूक माझी. आता मुहूर्तही मीच गाठून देतो." आणि दिला. चूक पदरात घ्यायला तो कधी लाजला नाही, आणि घेतल्यावर तिथे रडत बसला नाही. हे मी त्याच्याकडून शिकले.

बांगलादेशच्या लढाईवर तो गेला आणि घरी तार आली, नाना बेपत्ता. आजीने त्या एका शब्दाला घट्ट धरून ठेवलं. महिने गेले, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली. आम्हा खान्देशी लोकांत आखाजीला घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजोरी ठेवतात. नानाची घागर भरायची की नाही? भरली तर तो गेला हे घराने कबूल केलं. न भरली आणि तो खरंच गेला असेल, तर पोरगं तहानलेलं राहिलं. नातेवाईक भरा म्हणत होते. आजी बधली नाही. "मना पोऱ्या येई. घागर नही भरनी."

आखाजीच्या आदल्या दिवशी नानाचा वैमानिक इस्पितळातून सुटून थेट आमच्या दारात आला. हात अजून गळ्यात बांधलेला. खाटेवर न बसता तो आजीसमोर जमिनीवर बसला. हल्ला करून परतताना विमानाला गोळा लागला होता, असं त्याने हिंदीत सांगितलं. खाली समुद्र, दिशा दाखवणारी यंत्रं बंद पडलेली. नाना हाताने हिशेब करून दिशा सांगत राहिला. वैमानिकाची खुर्ची त्याला बाहेर फेकू शकत होती. नानाला तशी खुर्ची नव्हती, त्याला सरपटत दारापर्यंत जावं लागणार होतं. किनारा दिसला तसा नाना म्हणाला, "सर, आप कूदिए. मैं दरवाज़े की तरफ जाता हूँ." वैमानिकाला कोळ्यांनी वाचवलं. विमान नानासकट पाण्यात गेलं.

आजीने एवढंच विचारलं, "घाबरना व्हता का मना पोऱ्या?"

वडिलांनी ते हिंदीत सांगितलं. वैमानिकाने मान हलवली. "नहीं, माँजी. आवाज़ तक नहीं काँपी. मैं उसी की वजह से ज़िंदा हूँ."

आजी रडली, पोटभर रडली. मग तिने तोंड धुतलं आणि स्वतः कुंभाराकडे जाऊन नवी घागर आणली. नानाचा आठव आला की मला आधी अभिमान वाटतो, रडू मागून येतं. त्याचं कारण दुसऱ्या दिवशीची आजी आहे. सगळी वस्ती अंगणात जमली होती. आजीने मान ताठ ठेवून लेकाचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. वडील पाणी ओतू लागले. पाणी घागरीच्या गळ्याशी आलं तसे ते थांबले. आजीने त्यांचा हात धरला.

"थांबू नको, भर. समुद्रनं पानी खारं ऱ्हास. मना पोऱ्याले गोडं पानी काठोकाठ भर."