वाईच थांबा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. हे वाक्य भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर प्रत्येकजण लिहितो, ठाऊक आहे मला... तरी मलाही तिथूनच सुरुवात करावी लागतेय. रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. माणसं न दिसलेलं अक्षर अंदाजाने वाचतात आणि मग ते दिसलंच म्हणून भांडतात, हे मी रोज बघतो. त्यामुळे भूत, चकवा वगैरे ऐकलं की हसायचो. आज हसत नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मी भुताबद्दल लिहायला बसलेलोच नाही. मी काय केलं ते लिहायला बसलोय.

विनायक, म्हणजे विनू, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सुलभापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला सुलभानेच वाढवलेलं. गाव संगमेश्वराजवळ. रत्नागिरीला बदली झाली तसा आमच्याच वरच्या खोलीत राहायला आला. लग्न केलं नव्हतं. चाळिशीच्या आतच शुगर निघाली. मी तेव्हा काही वर्षं एका रनिंग ग्रुपबरोबर धावत होतो. सुलभा म्हणाली, "त्याला न्या बरोबर. पण एकटा सोडू नका हं. रस्त्यातून गाणी म्हणत चालणारा प्राणी आहे तो."

कोकणात कसली आलीय थंडी, असं घाटावरची मंडळी म्हणतात. त्यांनी पौषात पहाटे साडेपाचला सड्यावर यावं. आमच्या घरापासून गणपतीपुळ्याच्या दिशेने चढ लागतो, चढ संपला की सडा — सपाट जांभा, झाड नाही, आडोसा नाही. पुढे एका आंबा-बागेच्या कुंपणाचा दगडी गडगा, गडग्याला धरून वळण, वळणावर रस्त्याखालून पाणी जायची मोरी. त्या मोरीपाशी धुकं असं साचतं की दहा पावलांवरचा माणूस पुसला जातो.

ग्रुपचे नियम मीच केलेले. उजव्या कडेने धावायचं, म्हणजे समोरची गाडी दिसते. कानात काही घालायचं नाही. आणि जो सगळ्यात मागे असेल त्याच्या पाठीला लुकलुकणारा लाल दिवा. मोरीपाशी उजवी कड खचलेली, तेवढं अंतर डावीकडून जावं लागायचं... म्हणजे गाडी पाठीमागून. तिथे तो दिवा हाच आधार.

शिवाय थंडीत लोकांना अंथरुणातून उठवायचं मोटिव्हेशन हे माझं खातं. रोज पाच वाजता ग्रुपवर माझा मेसेज.

विनू चढावरच धापा टाकायचा. मागून हाक यायची — "भावोजी, वाईच थांबा!" वाईच म्हणजे जरासं. एकदा त्यानेच सांगितलं, "आमची आजी सांगायची, धुक्यात हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. ते जे काय असतं त्याला दोनच मारता येतात. तिसरी मारतो तो माणूस."

"उत्तम," मी म्हटलं. "मग तू तीन मारल्याशिवाय मी थांबत नाही. तेवढाच जास्त पळशील."

तो आमचा घरचाच विनोद झाला. सुलभाने स्वयंपाकघरातून हाक मारली की मी तिसरीपर्यंत गप्प बसायचो. विनू ओरडायचा, "ताई, अजून एक मार! अजून तू माणूस ठरली नाहीस!"

त्या थंडीत एका रविवारी धावून झाल्यावर आम्ही सगळे पोह्यांच्या गाडीवर उभे होतो. विनूने माझी नक्कल केली. "उठा! सूर्य तुमची वाट बघणार नाही!" — माझेच शब्द, माझाच नाकातला आवाज, माझंच ते बोट वर करणं. सगळा ग्रुप हसला. मीही हसलो. पण दोन दिवस ते घशात अडकून राहिलं.

मंगळवारी आम्ही दोघंच होतो. आमच्या दोन दिव्यांपैकी एक बंद पडलेला. दारात दोघंही "येतो" म्हणालो, सुलभा आतून "या" म्हणाली. फाटकाशी मी उरलेला दिवा माझ्या पाठीला अडकवला.

"भावोजी, बत्ती माझ्याकडं द्या की. मागं मी असतो."

"पुढे ये ना मग. तू पुढे आलास की दिवा आपोआप मागे राहील."

तो हसला. "आज सूर्य रागावलाय वाटतं."

मी वेग वाढवला. मुद्दाम. त्याला झेपणार नाही हे माहीत असून. सड्यावर मागे त्याची पावलं ऐकू येत होती, मग कमी झाली. मी मोरी ओलांडून वळणापुढे गेलो तेव्हा पहिली हाक आली. "भावोजी, वाईच थांबा!" मी थांबलो नाही. थोड्या वेळाने दुसरी — "भावोजी, बत्ती!" त्या हाकेत थट्टा नव्हती. मला ते कळलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कळलं नव्हतं. कळलं होतं. मी गालात हसलो आणि तिसरीची वाट बघत धावत राहिलो.

तिसरी आली नाही. आधी टेम्पोचा आवाज आला, मग ब्रेकचा.

मासळीचा टेम्पो होता. ड्रायव्हर रस्त्यात बसून कपाळ बडवत होता, "दिसलाच नाय वो... दिसलाच नाय." विनू मोरीच्या खाली गडग्याला टेकून पडलेला. त्याच्यापाशी जाण्याआधी मी एक काम केलं. पाठीचा दिवा काढला, बंद केला, खिशात टाकला. मग खाली उतरलो.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. पोलिसांना मी सांगितलं, दिवा घे म्हटलं होतं, विसरला. ड्रायव्हरचं आणि माझं म्हणणं छान जुळलं.

सुलभाने माझा शब्द धरून ठेवला. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "दिवा विसरला हो. पहिल्यापासून असाच धांदरट. ह्यांनी किती सांगितलं त्याला." आपल्या हाताने वाढवलेल्या पोराला ती दोष देत होती आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो. ग्रुपमध्ये मी सगळ्यांना नवे दिवे वाटले. लोक म्हणाले, मेहुण्याचं दुःख असं चांगल्या कामी लावलं.

आता ती गोष्ट. वर्षश्राद्धाच्या दिवशी पहाटे सुलभा म्हणाली, "मला ती जागा दाखवा. त्याच वेळेला." आम्ही चालत निघालो. ती पुढे, मी मागे. दिवा माझ्या पाठीवर. मोरी आली. तिने फुलं ठेवली, हात जोडले, आणि आम्ही वळणापुढे गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मागून हाक आली. "भावोजी, वाईच थांबा!"

लांबून नाही. मोरीपासून माझ्यापर्यंत जेवढं अंतर त्या दिवशी होतं, तेवढ्यावरूनच. धाप लागलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

सुलभा थिजली होती. "विनू," ती म्हणाली. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. ती मागे धावली. मोरीवर फुलं, आणि धुकं. आम्ही गडग्यापलीकडे पाहिलं, मोरीखाली पाहिलं. कोणी नाही.

तिने मोरीवरची फुलं सारखी केली. मग वळली.

"तुम्ही ओ दिलीत."

"हो."

"एकच हाक आली. तुम्ही तर तिसरीला ओ देता."

ती एक पाऊल जवळ आली.

"मग पहिल्या दोन कधी मारल्या त्याने?"

सांगितलं मी. तिथेच, उभ्याने. दिव्याचं, फाटकावर काय बोललो त्याचं, खिशाचं. ती रडली नाही. माझ्या मागे आली, पाठीचा दिवा काढून घेतला, स्वतःच्या शालीला अडकवला आणि चालू लागली. भराभर. मी मागे पडलो. दिवा लहान होत गेला. मी तिला दोनदा हाक मारली. तिसरी मारायचा धीर झाला नाही.

दुपारी पानं वाढताना कोणीतरी म्हणालं, दिवा लावला असता तर आज... सुलभा हातातली भातवाढी तशीच धरून म्हणाली, "ह्यांना विचारा. हे होते तिथे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "विसरला तो."

तिने माझ्या पानावर भात वाढला आणि पुढे गेली.

ती हाक कुणाची, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. नंतर बागवाल्याकडे चौकशी केली, त्या पहाटे बागेत कोणी नव्हतं. एकट्याला ऐकू आली असती तर मनाचा खेळ म्हटलं असतं, पण दोघांनी ऐकली, तेच शब्द. आजीच्या नियमाने तिसरी हाक मारतो तो माणूस. ती विनूचीच असेल, तर त्या वळणावर त्याच्यात आणि माझ्यात माणूस नसलेला कोण होता, ते मला कोणी सांगायला नको.

त्यानंतर हाक आलेली नाही. मी ग्रुप सोडला, पण धावणं सोडता आलं नाही, सुलभा सोडू देत नाही. थंडी पडली की पाचला दिवा लागतो खोलीत. "उठा," ती म्हणते, "सूर्य तुमची वाट बघणार नाही." बूट दारात काढून ठेवलेले असतात. लाल दिवा विनूच्या फोटोला अडकवलेला असतो, त्याला मी हात लावायचा नाही.

मी दारात उभा राहून म्हणतो, "येतो."

ती आतून म्हणते, "जा."