डाव्या पायाची वेगळी चौकट

बूटमास्तरांच्या दुकानात एका भिंतीवर खिळेच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला खाकी कागदांचा गठ्ठा. कागदांवर पेन्सिलीने उतरवलेली पावलं. कुणाचा पाय अपघातानंतर आखूड झालेला, कुणाची बोटं जन्मापासून जुळलेली. अशा पायांसाठी बूट बनवण्यात मास्तरांचं आयुष्य गेलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते काही ना काही खरडून ठेवत. ते अक्षर त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या बायकोला लागायचं, तेही चष्मा पुसून घेतल्यावर.

मास्तरांना एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं, तेव्हा मुलीने हट्टच धरला. ती इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवायची आणि बुटांसाठी त्यांना वडिलांकडे धाडायची. सगळं तुमच्या डोक्यात नाही तर खिळ्यांवर, तुम्ही आठ दिवस झोपलात तर माझ्या पेशंटांनी करायचं काय, असं तिने विचारलं. ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे सॉफ्टवेअर बनवून देणारी एक कंपनी तिनेच शोधली. मास्तरांना कल्पना आवडली. मापाप्रमाणे माल बनवणारे लोक म्हणजे आपलेच भाऊबंद की.

काचेच्या खोलीत तीन बैठका झाल्या. चाकांच्या खुर्चीत मास्तर एकसारखे मागे घरंगळत आणि पुन्हा टेबलाशी येत. ऑर्डरी किती, रिपोर्ट कसा हवा, हे सगळं विचारून झालं. पायांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दीड महिन्याने संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. दिसायला देखणा. नाव, पत्ता, रंग आणि मापासाठी एक चौकट.

"कुठल्या पायाचं माप?" मास्तरांनी विचारलं.

कंपनीचा मॅनेजर हसून म्हणाला की माप दोन्ही पायांचं एकच धरलंय.

"साहेब, ज्यांचे दोन्ही पाय सारखे असतात, ते माझ्याकडे येतच नाहीत."

घरी येऊन मास्तरांनी जाहीर केलं की झाली तेवढी शोभा पुरे. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तुम्ही बनवलेला पहिला बूट माझ्या भावाने किती दिवस घातला होता?"

दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याने तो परत पाठवला होता. मास्तर मुकाट्याने जेवायला बसले.

सोमवारी कंपनीतली प्रोग्रॅमर मुलगी आपण होऊन दुकानात आली. बैठकांमध्ये ती कोपऱ्यात बसून लिहून घ्यायची, बोलायची नाही. मला नुसतं बसू द्या, म्हणाली. चार दिवस ती बुटक्या स्टुलावर बसली. मास्तर आधी माप घेतच नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. आलेल्या माणसाला ते दारापर्यंत चालायला लावत आणि स्वतः तोंड फिरवून पावलं ऐकत. मग जुना बूट उलटा करून तळ कुठे झिजलाय ते बघत. पेन्सिल त्यानंतर.

"काका, हे बैठकीत का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, हे काम नव्हे, माझी खोड आहे."

नव्या प्रोग्रॅममध्ये दोन पायांना दोन चौकटी होत्या. जुन्या तळाचा फोटो, चालण्याचा आवाज, आणि खाली एक मोठी मोकळी जागा, कितीही लिहा. मास्तरांनी बोलायचं, अक्षरं आपोआप उमटायची.

जुने कागद उतरवायचं काम बायकोने घेतलं. एका दुपारी तिच्या हाती स्वतःचाच कागद आला. कोपऱ्यात लिहिलं होतं: उजवी टाच आतून झिजते, रागावली की जास्त, चामडं मऊ घ्यावं.

"हे कधी लिहिलंत?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी," मास्तर मान वर न करता म्हणाले. तिने ते जसंच्या तसं उतरवलं, रागासकट.

पुढे डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मास्तर दोन आठवडे घरी अडकले. त्यांच्या जुन्या जोडीदार कारागिराने पडद्यावर बघून एका शिक्षिकेचे बूट बनवले. बाई ते घालून थेट मास्तरांच्या घरी आल्या. पट्टी बांधलेल्या मास्तरांनी त्यांना व्हरांड्यात दोनदा चालायला लावलं. डावी टाच किंचित उशिरा टेकतेय, आत एक पातळ चकती घाला, बाकी झकास, असं त्यांनी सांगितलं. आपल्यावाचून बूट झाला, हे त्यांना जरा टोचलं खरं. पण त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

मग कंपनीने नव्या ग्राहकांना दाखवायला त्यांचा अनुभव मागितला. मास्तरांनी दोनच वाक्यं सांगितली: "यांनी पहिल्यांदा चुकीचं बनवलं. मग येऊन बसले आणि बरोबर बनवलं."

मॅनेजरला पहिलं वाक्य गाळायचं होतं. प्रोग्रॅमर मुलीने ते गाळू दिलं नाही.