मोसळे मास्तरांचा दगड

"बाई, तुमच्या केसांचं रबर द्या. मगरीचं तोंड बांधायचं आहे."

प्राध्यापक अनंतराव सोनटक्के सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. धारवाडच्या कॉलेजातला प्राणिशास्त्राचा माझा पहिला तास होता आणि मी पहिल्या बाकावर बसण्याची चूक केली होती. मगर म्हणजे काकूंच्या, सरांच्या पत्नीच्या, पानाच्या डब्यातून न विचारता आणलेला अडकित्ता. सरांनी त्यात सुपारी धरून कडकन फोडली. "हा मगरीचा चावा. जबडा मिटणारे स्नायू असे, की म्हशीचं हाड सुपारीसारखं फुटतं." मग मिटलेल्या अडकित्त्याला माझं रबर गुंडाळून ते म्हणाले, "आणि उघडणारे स्नायू इतके दुबळे, की मिटलेलं तोंड माणूस हातांनी धरून ठेवू शकतो. अडचण एवढीच, की मिटताना आपण मध्ये नसावं लागतं."

चाव्याचा जोर आकड्यात किती, असं मागून कुणी विचारलं. सर म्हणाले, "आकडा सांगितला की तुम्ही आकडा लक्षात ठेवाल आणि मगर विसराल."

त्या दिवशी मी मोकळ्या केसांनी घरी गेले. रबर सरांनी मगरीला लावलं, या उत्तरावर आईने अजूनही विश्वास ठेवलेला नाही.

आज धारवाडच्या मळमड्डी भागात रिक्षावाल्याला सरांचा पत्ता सांगावा लागत नाही. 'मोसळे मास्तर' म्हटलं की तो दारात नेऊन सोडतो. मोसळे म्हणजे कन्नडमध्ये मगर. सरांनाही हे नाव मनापासून आवडतं. पाटीवर लावायचं तेवढं काकूंनी होऊ दिलं नाही.

सरांचं खरं काम मात्र वर्गाबाहेरचं. अळणावर ओलांडून पुढे काळी नदीच्या काठी एक गाव आहे. तिथे धुणं धुणाऱ्या बायांना मगरींचं भय होतं. सर वर्षानुवर्षं बसने तिथे जात राहिले. मगर पाठलाग करत नाही, ती आपली सवय पाहून ठेवते, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या बायांना समजावली. फक्त डोळे आणि नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवून ती तासन् तास बघत असते: कोण, कुठे, कधी वाकतं. म्हणून जागा रोज बदलायची, वेळ बदलायची, कळशीला लांब दोरी बांधायची आणि बसायचं ते पाण्यापासून दहा पावलं मागे. मगर दिसते आहे तोवर ठीक. दिसेनाशी झाली की उठायचं.

हा नियम सर स्वतःही पाळतात आणि तोही धारवाडात, जिथे नदी नाही. त्यांची फिरायची वेळ रोज वेगळी, रस्ता वेगळा. काकू म्हणतात, "जेवायची वेळसुद्धा सांगत नाहीत. मला मगर समजतात की काय!"

माझे वडील गेले तेव्हा मी शिक्षण सोडून घरी बसले होते. सर दर आठवड्याला टिपणं घेऊन येत. कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी. चहाचं आधण कधी ठेवायचं, हे आईला कळेना. सांत्वनाचा एक शब्द ते बोलले नाहीत. मगर नाकावर काटक्या ठेवून बगळ्यांना कशी फसवते, हे मात्र त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदा हसली. मी परीक्षेला बसले, ती त्या हसण्यामुळे.

आता गेल्या हिवाळ्यातला प्रसंग. तो कुणाला सांगायचा नाही, असं सरांनी मला बजावलं आहे. सर, क्षमा करा.

आम्ही दोघं त्या गावी गेलो होतो. नदीकाठी अगदी पाण्याला लागून एक सपाट दगड आहे. सरांनी त्यावर काकूंनी शिवलेली उशी ठेवली, वर बसले आणि दुर्बीण काढली. शेजारी उभ्या असलेल्या शांताक्का, त्या गावच्या धुणेवाल्या बायांमधल्या सर्वांत थोरल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, आमाला रोज जागा बदला म्हंतासा. आन् तुमी धा वर्सं ह्याच दगडावर बसतासा की ओ! ती मोठी मगर बगा, तुमी आलासा की वर येती."

सर लाजून हसले. "ओळखते ती मला."

"ओळखतीच की! म्हनून तर सांगायलोय!"

तेवढ्यात पाण्यावरचे दोन डोळे बुडाले. सरांचाच नियम: दिसेनाशी झाली की उठायचं. पण सरांचे गुडघे आता तिसऱ्या प्रयत्नात उठतात. "बेडरी, नगं सर, बसू नकासा!" असं ओरडत शांताक्कांनी एक दंड धरला, मी दुसरा. त्यांना आम्ही अक्षरशः ओढून वर आणलं. मागे पाणी फुटलं, फट्‌ असा आवाज झाला आणि दगडावरची उशी नाहीशी झाली.

मी सरांचा दंड अजून सोडला नव्हता. सरांचा चेहरा मात्र फुलला होता. "ऐकलंत, बाई? चावली नाही, धरली! आता पाण्यात नेऊन गिरक्या घेईल."

उशी वाऱ्याने उडाली, असं काकूंना सांगण्यात आलं. काकू, नदीवर त्या दिवशी वारा नव्हता.

त्या रात्रीपासून मला एकच विचार छळतो. आम्हा सगळ्यांच्या सवयी मोडणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी एकच ठेवली आणि तीही नेमकी तिथे. मग वाटतं, आपण जिथे जीव लावतो तिथे वेळ आणि जागा बदलणं जमत नाहीच. माझंही सरांकडे जाणं दर रविवारी, दहाच्या ठोक्याला असतं.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सगळेच सरांना शतायुषी व्हा म्हणतील. मीही म्हणते. पण त्यांचं आयुष्य वाढवणं शुभेच्छांच्या हाती कमी आहे आणि त्या दगडाच्या हाती जास्त. म्हणून सर, तुमच्या शिष्येचं एक मागणं आहे. तुमचं उत्तर मला पाठ आहे: "तिथून तिचे डोळे दिसत नाहीत, बाई." तरीही मागते. या हिवाळ्यात नव्या उशीवर बसा, पण दहा पावलं मागे.